पाखरीच्या पोटातली नदी

"बाबा, असाध्य असं काही असतं की नाही?"

"असतं."

"मग एवढंच सगुणाबाईला सांगा."

कासमबाबा नालबंद लिंबाखाली बसून वाकडे झालेले खिळे ठोकून सरळ करत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि मान वर केली.

समोर दौलत बोराटे उभा होता. त्यांचाच शिष्य. याच तकियात, बाबांच्या फकिरी मठीत, नऊ वर्षं राहून तो घोड्यांचं वैद्यक शिकला होता. आता चाळीस गावांची तट्टं त्याच्या हाताखालून जात. लोक त्याला सालोत्री म्हणत. पांढराशुभ्र फेटा, परीटघडीचा अंगरखा. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही हे तो विसरला नव्हता, पण बसायची त्याची इच्छाही दिसत नव्हती.

मोटारी घाट चढू लागल्या त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. तेव्हा वरच्या वस्त्यांना मीठ, धान्य, रॉकेल सगळं तट्टांच्या पाठीवरून जाई.

"कोण सगुणाबाई?" बाबांनी विचारलं.

"खालच्या वाडीची. तट्टांचा तांडा आहे तिचा. नवरा गेल्यावर तीच हाकते. सात शिंगरं होती तिच्याकडं..."

"होती?"

"दोन गेली."

बाबांनी हातातला खिळा बाजूला ठेवला.

"उरलेली पाचही जातील," दौलत म्हणाला. "पोटशूळ आहे. आठ-दहा दिवसांनी उठतो. शिंगरू पाय आपटतं, मागं वळून स्वतःच्या पोटाकडं बघतं, आडवं पडून लोळतं. मग उतरतो. मधल्या दिवसांत खातं, पितं, आणि तरी झडत जातं. फासळ्या वर आल्यात. हगवण थांबत नाही."

"तू काय दिलंस?"

दौलतला याच प्रश्नाची वाट होती.

"आधी जंतावर पळसपापडी. जंत पडले, शूळ राहिला. मग वायूवर हिंग, ओवा, सैंधव. हगवणीवर बेलफळाचा गर. दाण्याची चंदी वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. विहिरीचं पाणी बदललं. सगळं तुम्ही शिकवलं तसंच. यात काही चुकलं असेल तर दाखवा."

"औषधात काही चुकलेलं नाही."

दौलतचा चेहरा उजळला.

"तेच म्हणतो मी. पण बाईचं मन मानत नाही. तुमच्याकडं येईन म्हणते. येऊ दे. तुम्ही फक्त सांगा, दौलतनं केलं त्यापुढं माणसाच्या हातात काही नाही. तिच्या जिवाला शांतता मिळेल."

"तिच्या?"

दौलतनं नजर दुसरीकडं वळवली.

बाबा लिंबाच्या बुंध्याला धरून उठले. काठी घेतली.

"चल."

"कुठं?"

"सांगायला."

"बाबा, ती येईल की इथं! सहा वर्षांत तुम्ही ओढा ओलांडला नाहीत."

"म्हणून सावकाश चाल," बाबा म्हणाले.

*

वाडी दोन कोसांवर होती. पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं. ज्येष्ठाचे दिवस. वाटेत बाबा तीनदा बसले आणि तीनदा उठले. दौलत छत्री धरून चालला. बोलला मात्र बराच. कुठल्या गावातली घोडी आपण अडल्या वेळी सोडवली, कुठल्या पाटलानं भर पंचांत आपलं नाव घेतलं...

बाबा हुंकार भरत होते. कधी भरतही नव्हते.

सगुणाबाई आवाराच्या तोंडाशीच भेटली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कासोटा घातलेली बाई. हातात दावं होतं. बाबांना बघून ती क्षणभर गोंधळली. मग दावं खाली टाकून पायाशी वाकली.

"मी येणारच होते बाबा. तुम्ही कशाला..."

"शिंगरं कुठायत?"

तिनं हात केला.

आवार लांबरुंद होतं. भोवती कारवीचा कूड, वर निम्म्या भागाला छप्पर. खाली स्वच्छ पांढरी वाळू. शेण नाही, चिखल नाही, माशी नाही. त्या वाळूवर पाच शिंगरं उभी होती.

वय वर्षाच्या आतलं. पण अंगावर बघावं असं काही राहिलं नव्हतं. केस खरखरीत आणि उभे. पाठीचा कणा दोरीसारखा वर आलेला. पोटं मात्र खाली लोंबलेली. एकाच्या शेपटीला हगवण वाळून चिकटली होती. कुणी कान हलवत नव्हतं. परकं माणूस दिसलं की शिंगरू उधळतं. ही पाच जागची हलली नाहीत.

"आवार कुणी केलं?" बाबांनी विचारलं.

"दादांनीच," सगुणाबाई म्हणाली. तिनं दौलतकडं बघितलं, त्या बघण्यात अजूनही मान होता. "आधी नुसता काळा चिखल असायचा बाबा. खूर कुजायचे. दादांनी नदीची वीस गाड्या वाळू आणवली, स्वतः उभं राहून पसरून घेतली. खुरांचं दुखणं गेलं ते गेलंच. आजूबाजूच्या पाच-सहा गावांनी बघून तशीच केलीत आवारं."

"चांगलं केलंस," बाबा दौलतला म्हणाले.

दौलत हसला.

"वाळू कधी टाकली?"

"माघात."

"आणि पहिलं शिंगरू कधी पडलं?"

"चैत्रात."

बाबांनी मान हलवली. मग ते छपराच्या सावलीत जाऊन खाली बसले आणि शिंगरांकडं बघत राहिले.

एक घटका गेली.

सगुणाबाईनं कोंडा आणि कडब्याची कुट्टी आणली, ओंजळीनं वाळूवर पसरली. गव्हाणी घोड्यांच्या मापाच्या, शिंगरांची तोंडं तिथवर पोचत नसत. म्हणून त्यांना खालीच घालायची पद्धत. शिंगरं हळूहळू जवळ आली. ओठांनी चाचपत, फुंकर मारत, कोंडा टिपू लागली.

"काय खातंय?" बाबांनी विचारलं.

"कोंडा," दौलत म्हणाला.

"आणि?"

"कुट्टी."

"आणि?"

"आणि काय बाबा? एवढंच घालतो आपण."



दौलतला आता ऊन लागत होतं. त्याला वाटलं, म्हातारपण आहे. आता मान हलवतील, असाध्य आहे म्हणतील, आणि आपण तिसऱ्या प्रहरापर्यंत परत जाऊ.

तेवढ्यात एका शिंगरानं खाणं सोडलं.

*

ती पाखरी होती. पाचांतली सगळ्यात लहान, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका असलेली. तिनं पुढचा पाय वाळूवर आपटला. पुन्हा आपटला. मान वळवून पोटाकडं बघितलं, जणू तिथं कुणी चावत होतं. मग गुडघे मोडले आणि ती धाडकन पडली.

"आली," सगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज बसला. "गेलेल्या दोघांचं असंच झालं होतं."

पाखरी लोळली. चारी पाय हवेत झाडले. अंगावर घाम फुटला, मानेपासून पाठीपर्यंत काळा पट्टा भिजला. सगुणाबाई आणि दौलत दोघांनी धावत जाऊन तिला उठवली, दाव्याला धरून फिरवली. पाच-सहा फेरे झाल्यावर ती थांबली. उभी राहिली, पण पाय थरथरत होते.

बाबा काठी टेकत आले.

"पोट ऐकलंस?"

"ऐकलं. दर वेळी ऐकतो."

"कुठं?"

दौलतनं वाकून पाखरीच्या कुशीला, बरगडीच्या मागं कान लावून दाखवला. "इथं. आतडं चालतंय. गुडगुड आहे. बंद पडलेलं नाही."

"खाली ऐक."

"खाली?"

बाबांनी काठीचं टोक पाखरीच्या पोटाखाली नेलं. पोट जिथं सगळ्यात जास्त लोंबत होतं तिथं.

दौलत जरा थबकला. शिंगराची उंची ती केवढी. तिथं कान लावायचा तर माणसाला गुडघ्यावर बसून चालणार नव्हतं. जमिनीवर उताणं पडून आत सरकावं लागलं असतं. आणि जमिनीवर नुकतीच हगवण झाली होती.

"बाबा, तुम्हीच ऐका ना. तुमच्या कानाला काय येतं ते..."

"माझा कान गेला."

"काय?"

"चार वर्षं झाली. बारीक आवाज येत नाही मला. तू मोठ्यानं बोलतोस म्हणून तुझं कळतं."

सगुणाबाई दावं धरून उभी होती. ती दौलतकडं बघत होती.

दौलत खाली बसला. मग आडवा झाला. फेटा वाळूत टेकला. तो पाठीवर सरकत पाखरीच्या पोटाखाली गेला आणि डोकं उचलून कान तिथं दाबला.

बाबांनी एक बोट ओठांवर ठेवलं.

आवार शांत झालं. दूर कुठं तरी एक घोडी फुरफुरली, तेवढंच.

दौलतच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. त्यानं डोळे मिटले. श्वास रोखला. दुसऱ्या बाजूचा कान लावला.

"काय ऐकू येतंय?" बाबांनी विचारलं.

दौलतनं पुन्हा कान दाबला.

"सांग."

"नदी," दौलत म्हणाला. "पाणी वाळूवर चढतं, आणि ओसरतं... तसं."

"लोटा आण, बाई," बाबा म्हणाले.

*

पितळी लोटा आला. बाबांनी पाखरीची ताजी लीद, वाळूला लागू न देता, वरच्यावर त्यात धरायला लावली. वरून पाणी ओतलं. काठीनं ढवळलं. गढूळ पाणी अलगद ओतून दिलं. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा ओतणं. तीनदा.

चौथ्यांदा त्यांनी लोटा दौलतच्या हातात दिला.

लोट्याच्या तळाशी दोन बोटं वाळू होती. स्वच्छ, पांढरी.

"हात पुढं कर."

दौलतनं हात केला. बाबांनी लोटा उलटा केला. ओली वाळू त्याच्या तळहातावर पडली.

"ओळखतोस?"

आता दौलतला वाचवणारं कुणी नव्हतं आणि कुणी आरोपही करत नव्हतं. बाबा पाखरीच्या मानेवरचा घाम पुसत बसले. दौलत गप्प राहिला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. शिंगरं काय, वाटेवर, ओढ्याला, कुठंही वाळू खातात, असं म्हणता आलं असतं.

दौलत सगुणाबाईकडं वळला.

"बाई, ही वाळू मी आणली."

तिला नीट कळलं नाही.

"खाली पसरलेला कोंडा खाताना वाळू पोटात जाते. ती बाहेर पडत नाही. आतड्यात खाली बसते, साठत जाते. आतली कातडी घासते, म्हणून हगवण. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून रोडावणं. वजन झालं की आतडं ओढलं जातं, म्हणून शूळ..." त्यानं वाळूचा हात तिच्यापुढं धरला. "मी औषधं देत राहिलो. वरून कोंडा वाढवायला सांगितला. माझ्या डोळ्यांसमोर ती वाळू खात होती. मला कोंडाच दिसत होता."

सगुणाबाईनं त्याच्या हातावरची वाळू बघितली.

"दोन गेली माझी, दादा," ती म्हणाली. "तुमच्यावर विसंबले होते."

"हो."

"तुम्ही म्हणालात, दैवात नव्हतं."

"हो. म्हणालो."

तिनं तोंड फिरवलं. पदरानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग दाव्याला एक हिसका दिला आणि म्हणाली, "मग उभे काय राहिलात? ही जिवंत आहे अजून."

*

"बाबा, औषध?"

"वाळूला धरून बाहेर नेईल असं चिकट काय असतं?"

"इसबगोल."

"मग मला का विचारतोस?"

दौलत पळत सुटला. वाडीतल्या दुकानातलं सगळं इसबगोल त्यानं उचललं. परत येऊन चारही धडधाकट शिंगरं आधी आवाराबाहेर, गवताच्या पट्टीवर हलवली. धडधाकट म्हणायचं एवढंच, की ती पायावर उभी होती.

मग पाखरीलाही तिथंच आणली.

इसबगोल गुळाच्या पाण्यात कालवायचं, फुगायच्या आत बांबूच्या नळीनं गालाच्या कडेनं थोडं थोडं पाजायचं, घशाखाली उतरलं की पुढचं. घाई केली की छातीत जातं. दौलतनं आयुष्यात हजार वेळा नळी धरली होती. त्या दिवशी तो एकेक घोट मोजून पाजत होता.

पहिलं पाजणं झालं. तिला चालवली.

दुसरं झालं. चालवली.

भर दुपारी शूळ पुन्हा उठला, आणि या वेळी आधीपेक्षा वाईट. पाखरी पडली ती लोळलीसुद्धा नाही. मान लांब करून कण्हू लागली. डोळ्यांच्या कडा पिवळट दिसत होत्या. दौलतनं फेटा सोडला, त्याची चौपदरी झोळी करून तिच्या छातीखालून घातली. एका बाजूनं तो आणि दुसऱ्या बाजूनं सगुणाबाई, असं करून तिला उचलली. पाय जमिनीला टेकले, पण धरेनात.

"बाबा!"

बाबा बांधाच्या सावलीत बसले होते.

"बाबा, हाल होतायत हिचे. आता पुरे..."

"का?"

"तुम्हीच म्हणालात ना सकाळी, असाध्य असतं म्हणून?"

"असतं."

"मग?"

"ते हेच आहे का, ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

दौलतच्या दोन्ही हातांत फेट्याची टोकं होती. घाम डोळ्यांत उतरत होता. त्यानं पाखरीकडं बघितलं. तिचा कान... एकच कान, किंचित त्याच्या बाजूला वळला.

"नाही," तो म्हणाला. "माहीत नाही."

"मग पाज."

त्यानं पाजलं.

सगुणाबाईनं पोटाला कोमट तेल चोळलं. दौलत झोळीनं तोलून धरे, ती चोळे. मग ती तोलून धरे, तो आडवा होऊन पोटाखाली कान लावी. आता त्याला फेट्याचीही आठवण नव्हती आणि अंगरख्याचीही. तो पडायचा, ऐकायचा, उठायचा.

"काय?" ती विचारी.

"तिथंच आहे."

पुन्हा.

"तिथंच."

पुन्हा.

"थांबा..." दौलत म्हणाला. "सरकतेय. मागं सरकतेय, बाई!"

उन्हं कलायला लागली होती. पाखरीनं मागचे पाय फाकवले, पाठ वाकवली, शेपूट उचलली. आणि तिनं लीद टाकली. पातळ नव्हे. बुळबुळीत, जड. जमिनीवर पडताना धप् असा आवाज झाला.

दौलतनं दोन्ही हातांनी ती फोडली. निम्मी वाळू होती.

सगुणाबाई इतक्या जोरानं ओरडली की गवतावरची चारही शिंगरं बिचकून मागं सरली. बिचकली! गेल्या महिन्याभरात ती कशालाच बिचकली नव्हती.

थोड्या वेळानं पाखरीनं अंग झाडलं, नाक उंच केलं आणि एक किनरी, तुटकी खिंकाळी दिली. ती काही मोठी नव्हती. पण वाडीतली माणसं घरांतून बाहेर आली.

दौलत जमिनीवर बसला होता. हात लिदीनं माखलेले. तो हसत होता की रडत होता ते सांगणं कठीण होतं.

बाबांनी काठी उचलली.

"इतर चौघांचं?" त्यांनी विचारलं.

दौलत तसाच उठला आणि बांबूची नळी धुवायला गेला.

*

पाखरीला पाच दिवस इसबगोल चाललं. मग आठवडाभर विसावा, मग पुन्हा पाच दिवस. इतर चौघांनाही तेच. दौलत वाडीतच राहिला. त्यानं मजूर लावले नाहीत. वीस गाड्या वाळू स्वतः पाटीनं उपसून बाहेर टाकली, खाली मुरूम घालून चोपला. सुताराकडून शिंगरांच्या मापाच्या बुटक्या गव्हाणी करून घेतल्या, आणि एकेका शिंगराला त्यांच्यापुढं उभं करून उंची ताडून बघितली.

त्या सगळ्या दिवसांत सगुणाबाई त्याच्याशी कामापुरतं बोले. तिसऱ्या आठवड्यात एकदा तिनं विचारलं, "भाकरी घेणार का?" तो हो म्हणाला. एवढंच.

आवार झालं तसा दौलत बाहेर पडला. ज्यांनी त्याचं बघून वाळू टाकली होती त्या गावांत आधी गेला. मग उरलेल्या गावांत. प्रत्येक गावात चार माणसं जमवायचा आणि सांगायचा, "शिंगरांना वाळूवर चारू नका. मी चारायला लावलं. सगुणाबाईची दोन माझ्यामुळं मेली." मग लोटा मागायचा, लीद मागायचा, तळाची वाळू दाखवायचा. मग आडवा व्हायचा, आणि गावातल्या एकाला तरी शेजारी आडवं करून कान कुठं लावायचा ते शिकवायचा.

काही ठिकाणी लोक हसले. एका पाटलानं तोंडावर म्हटलं, "सालोत्री, ही अशी बेअब्रू गावोगाव सांगत का फिरता?"

"तुमचं ते अबलख शिंगरू रोडावलंय," दौलत म्हणाला. "लोटा आणवा आधी."

पावसाळा संपेपर्यंत सहा आवारांत दुखणं सापडलं. अठरा शिंगरं होती. अठराच्या अठरा उठली.

*

दसरा झाल्यावर घाट उघडला. वर्षाचा पहिला तांडा वर जायचा तो दिवस.

घाटाच्या पायथ्याशी माणसं मावत नव्हती. घोड्यांच्या गळ्यांत घुंगरमाळा, पाठीवर मिठाच्या गोण्या. आणि त्यांच्या बाजूनं, पाठ मोकळी, पहिल्यांदाच घाट चढायला निघालेली सगुणाबाईची पाच शिंगरं. केस असे चमकत होते की वाटावं तेल लावलंय. मानांना बाक आला होता. एक तर सारखं दुसऱ्याची शेपूट ओढत होतं आणि आईची लाथ चुकवत होतं.

चाळीस गावांच्या पंचांनी बाबांना डोलीत घालून आणलं होतं. त्यांना दौलतला मानाचा फेटा बांधायचा होता. दौलत नको म्हणत होता. पंच ऐकेनात. शेवटी सगुणाबाईनंच तो फेटा त्यांच्या हातून घेतला.

"वाका," ती दौलतला म्हणाली.

"बाई, तुम्ही?"

"माझी दोन गेली ती मला ठाऊक आहेत, आणि पाच राहिली तीही ठाऊक आहेत. वाका म्हणते ना."

तो वाकला. तिनं फेटा बांधला. जरा वाकडाच बसला. लोकांनी हलग्या वाजवल्या, टोप्या उडवल्या, घोड्या खिंकाळल्या, सगळा पायथा दणाणून गेला. सगुणाबाईनं पाखरीचं दावं दौलतच्या हातात दिलं. तांड्याच्या पुढं सालोत्रीनं चालायचं, असं ठरलं होतं.

दौलत पाखरीला घेऊन डोलीजवळ आला. खाली बसला. बाबांच्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि त्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोलला.

"बाबा, सगळे आनंदात आहेत. मीही आहे. पण ती दोन... रोज दिसतात. त्यांचं काय करू?"

बाबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. 

हलग्या वाजतच होत्या. त्या आवाजानं पाखरीनं कान टवकारले, मान उडवली, आणि सैल धरलेलं दावं दौलतच्या मुठीतून सर्रकन निसटलं. ती वळली. एक उडी मारली, मागच्या दोन्ही टाचा आभाळाकडं फेकल्या आणि माणसं, गोण्या, घोड्या सगळं मागं टाकून घाटाच्या पहिल्या वळणाकडं वाऱ्यासारखी निघाली. तिच्या मागं उरलेली चारही सुटली.

लोक ओरडले. सगुणाबाई खदखदून हसली, पोट धरून हसली.

दौलत अजून खालीच बसला होता. उत्तराची वाट बघत.

बाबांनी त्याच्या खांद्यात काठीचं टोक खुपसलं.

"ती बघ, सुटली! धाव!"